सुतळी

यंदा कांदा उतू गेला.
माळ्यावर जागा उरली नाही, म्हणून
धाकट्याच्या पलंगाखाली वर्तमानपत्रं अंथरली
आणि कांदे निजवले सुटे सुटे,
तालिनला जाण्याआधी तो निजायचा तसे,
ऐसपैस.

पैपुस तलावाच्या या काठाला एकच रस्ता,
आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांदा.
इथे कुणी कुणाला कांदा देत नाही.
देणं म्हणजे हिणवणं.

झुकिनीचं बरं असतं.
कुलूप न लावलेली मोटार दिसली
की मागच्या सीटवर दोन ठेवून चालू लागायचं.
गेल्या रविवारी प्रार्थनाघराबाहेर मी चार खपवल्या;
घरी आले तर माझ्याच पायरीवर सहा.
(कुणाच्या, ते मला माहीत आहे.
पावेलच्या झुकिनीला मान वाकडी असते.)

काकडीचंही निभतं.
शेपूच्या वाळक्या छत्र्या, लसूण, मीठ,
ओकची दोन पानं, वरून धोंडा.
बीट किसून बरण्यांत. कोबी अजून शेतात,
त्याला एक कडक रात्र लागते गोड व्हायला.
पण कांदा?

आमच्या भाषेत कांद्याला लूक म्हणतात
आणि माझ्या नवऱ्याचं नाव लुक्यान.
लग्नात यावर सगळे हसून घेऊन मोकळे झाले,
मी चाळीस वर्षं दोघांना सोलते आहे.
सोमवारी कांद्याचा रस्सा, मंगळवारी कांद्याची पोळी,
बुधवारी मुरंबा, तोही कांद्याचाच.
गुरुवारी त्यानं झाकण उचलून वाफेत तोंड घातलं,
"आज कशात लपवलायस?"

टरफलं मी टाकत नाही.
जुन्या लांब मोज्यात कोंबून दाराआड टांगते.
ईस्टरची अंडी त्यात उकळली
की अशी तांबूस होतात, जशी
संध्याकाळी या तलावाच्या काठची
ओली वाळू.
पण मोजाही यंदा गुडघ्यापर्यंत भरला, मग मांडीपर्यंत,
आता रात्री पाण्याला उठलं की वाटतं
दाराआड कुणी एका पायावर उभं आहे.

शेजारच्या उस्तिन्याचा कांदा सडला.
ती सांगणार नाही. अकरा वर्षं बोललेली नाही,
वीतभर बांधावरून.
पण ऑगस्टात तिची पात वेळेआधी आडवी झाली
आणि मानेत राखाडी बुरशी, ती मला कुंपणावरून दिसली.
एका रात्री तिच्या ढकलगाडीचं चाक करकरत
तलावाकडे गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.
आम्ही दोघांनी ऐकलं
आणि दोघांनीही झोपल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी मी तीन वेण्या घातल्या.
सुतळी मधोमध, पात तिच्याभोवती,
प्रत्येक कांद्यामागे गाठ.
नेऊन टांगल्या कुंपणाच्या खिळ्यावर, तिच्या बाजूनं.
लुक्यान म्हणाला, तिथं कशाला?
म्हटलं, तिथं ऊन चांगलं लागतं.
त्यानं आभाळाकडे पाहिलं. पंधरा दिवस ऊन नव्हतं.
काही बोलला नाही. कधीतरी बरा वागतो.

सकाळी खिळा रिकामा.
मग तीन दिवस काहीच नाही,
फक्त तिच्या धुराड्यातून तळलेल्या कांद्याचा वास,
आणि मला, कांद्याला कंटाळलेल्या बाईला,
भूक लागली.

चौथ्या दिवशी खिळ्यावर सुतळी.
बर्चच्या काटकीवर गुंडाळलेली, नेटकी.
सुरीनं कापली असती तर कोण विचारणार होतं?
तिनं नखानं एकेक गाठ सोडवली होती.
गाठ कुठं होती तिथं तिथं
सुतळी अजून वाकडी होती.

मी ओट्यावर उलगडून मापली, हातानं.
तीन वेण्यांची सुतळी मला ठाऊक आहे.
ही चार वेण्यांची निघाली.
चौथी माझी नव्हे. जाडसर, मासळीचा वास असलेली.

थोडा वेळ बसून राहिले.
मग लुक्यानला हाक मारली:
पलंगाखालून अजून काढ.
मोठे बघून.